न्हाणे आणि पाय धुणे: ख्रिस्ती जीवनातील दोन शुद्धी

आषाढात कोकणातला माणूस सकाळी न्हाऊन घराबाहेर पडतो आणि दुपारी परततो तेव्हा त्याचे पाय पोटऱ्यांपर्यंत तांबड्या चिखलाने माखलेले असतात. तो तसाच पडवीत चढत नाही. पायरीजवळच्या दगडावर उभा राहून तो तांब्याभर पाणी ओततो, एका पायाने दुसरा पाय चोळतो आणि मग आत येतो. पुन्हा न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घे, असे त्याला कोणी सांगत नाही. पण चिखलाचे पाय घेऊन सारवलेल्या जमिनीवर आला, तर घरातली म्हातारी त्याला सोडतही नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, तो प्रसंग कोकणातल्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. शिष्य पेत्र आधी पाय धुऊ देत नाही आणि मग एकदम दुसऱ्या टोकाला जाऊन हात आणि डोकेही धू म्हणतो. ज्याचे स्नान झाले आहे त्याला पाय धुण्यापलीकडे गरज नाही, असे उत्तर येशू देतो. मूळ ग्रीकमध्ये येथे दोन वेगळी क्रियापदे आहेत: ‘लुओ’ म्हणजे सर्वांगाने न्हाणे आणि ‘निप्तो’ म्हणजे हातपायांसारखा एखादा अवयव धुणे. मराठीत न्हाणे आणि धुणे हा भेद आयताच आहे. (काही जुन्या हस्तलिखितांत ‘पायांशिवाय’ हे शब्द आढळत नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे, पण येशू पेत्राचे पाय धुतोच, त्यामुळे प्रसंगाचा अर्थ त्या शब्दांवाचूनही उभा राहतो.)

या दोन क्रियांची गल्लत झाली की दोन प्रश्न उभे राहतात. ख्रिस्ताने सर्व पापांची क्षमा केली आहे, तर रोज पुन्हा क्षमा कशासाठी मागायची, असे एक जण विचारतो. दुसरा धास्तावलेला असतो: कालच पुन्हा पाप घडले, म्हणजे मिळालेली क्षमा गेली की काय? पहिल्याला पाय धुणे अनावश्यक वाटते, दुसऱ्याला चिखल दिसला की न्हाणे फुकट गेले असे वाटते. दोघांची चूक एकच आहे.

न्हाणे म्हणजे माणसाचे देवाच्या घरातले स्थान ठरणे. इब्री लोकांस पत्राच्या १०व्या अध्यायाप्रमाणे एकाच अर्पणाने हे काम कायमचे पुरे झाले आहे. बाप्तिस्मा हे या स्नानाचे केवळ चिन्ह आहे की त्यातूनच ती कृपा मिळते, यावर कॅथलिक आणि अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या यांचे मतभेद जुने आहेत. परंतु ३८१ सालच्या मतांगीकारातले, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीतले, ‘पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा’ हे शब्द दोन्हीकडे म्हटले जातात. न्हाण्याला तारीख असते. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेल्या कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, असे आपण सांगू शकतो. त्यानंतरच्या आयुष्यात त्यांनी किती संध्याकाळी देवापुढे आपल्या चुका मांडल्या, याची नोंद कोण ठेवणार?

बायबलमधील निर्गम या पुस्तकात हीच जोडी आधी येते. याजकाला दीक्षा देताना मोशेने त्याला एकदाच पाण्याने स्नान घालायचे होते. त्यानंतर मात्र दर्शनमंडप, म्हणजे उपासनेचा तंबू, आणि वेदी यांच्यामध्ये पितळेचे गंगाळ ठेवलेले असे आणि सेवेसाठी आत जाण्यापूर्वी प्रत्येक वेळी याजकाला त्यातल्या पाण्याने हातपाय धुवावे लागत. जुन्या घरांतल्या न्हाणीत घंगाळ पाहिलेल्या माणसाला हा शब्द वाचताना परका वाटत नाही. ते गंगाळ स्त्रियांनी दिलेल्या आरशांच्या धातूचे बनवले होते, हा बारकावा मला विशेष आवडतो: ज्यात मळ दिसत असे, त्याचेच मळ धुण्याचे भांडे झाले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. शुद्धी म्हटले की आपल्या मनात सोवळे, ओवळे आणि विटाळ हे शब्द चटकन येतात. मार्काच्या ७व्या अध्यायात येशू नेमके तेच नाकारतो. माणसाला अशुद्ध करते ते बाहेरून शिवलेले काही नव्हे, तर अंतःकरणातून निघालेले, असे तो सांगतो.

आता रोजच्या पापाचा परिणाम पाहू. समजा, एक बाप्तिस्मा झालेला बागायतदार वैशाखात हापूसच्या पेट्या भरताना वरच्या थरात मोठी, रंगावर आलेली फळे मांडतो आणि पेंढ्याखालच्या थरात बारकी फळे दडपतो. त्यांतच एखादे डागीही असते. त्या संध्याकाळी देवाच्या कुटुंबातून त्याचे नाव खोडले जाते का? नाही. मग काही बिघडते का? बरेच बिघडते. जेवणाआधी प्रार्थनेला डोळे मिटले की ती पेटी समोर येते, म्हणून तो प्रार्थना लवकर उरकतो. ३२व्या स्तोत्रात गप्प राहिलेल्या माणसाची हाडे झिजतात आणि उन्हाळ्यात सुकावी तशी त्याची शक्ती सुकते, ती हीच अवस्था. दुसरी पेटी भरताना हात पहिल्याइतका अडखळत नाही आणि शेजारी पेंढा पसरणारा मुलगा काही न विचारता रीत शिकून घेतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर नवऱ्यांना बजावले आहे की बायकोशी समंजसपणे वागा, म्हणजे तुमच्या प्रार्थनांत व्यत्यय येणार नाही. सकाळी चहावरून काढलेले तिरकस शब्ददेखील या हिशेबातून सुटत नाहीत.

नाते तुटत नाही, सहवास मात्र बिघडतो. दावीद राजाचे पाप, म्हणजे व्यभिचार आणि हत्या, रोजचे किंवा किरकोळ नव्हते. तरीही ५१व्या स्तोत्रात तो तारणाचा हर्ष परत मागतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. प्रभूच्या प्रार्थनेतही ऋणे सोडण्याची विनंती रोजच्या भाकरीला लागूनच येते आणि ती करणारा माणूस सुरुवातीलाच ‘आमच्या पित्या’ अशी हाक मारून चुकलेला असतो. बाहेरचा माणूस आत घ्या म्हणून विनवतो. येथे घरातले मूल पाय धुवायला पाणी मागत आहे.

कॅथलिक परंपरेत हा भेद अधिक रेखीव आहे. प्राणघातक पाप कृपेचे जीवनच नष्ट करते आणि त्यासाठी पापनिवेदनाचा संस्कार, म्हणजे कोकणीतला ‘कुमसार’, लागतो. क्षम्य पापाने देवाशी असलेला करार मोडत नाही, पण प्रीती दुबळी होते, आणि जाणूनबुजून केलेली व पश्चात्ताप न केलेली अशी पापे माणसाला हळूहळू मोठ्या पापाकडे नेतात. रोजच्या चुका कुमसारात सांगणे काटेकोरपणे अनिवार्य नाही, तरी त्याची आग्रहाने शिफारस केली जाते. सिंधुदुर्गातल्या किंवा वसईतल्या चर्चच्या दाराशी असलेल्या पवित्र पाण्यात बोट बुडवून भाविक क्रूसाची खूण करतो तेव्हा तो बाप्तिस्म्याची आठवण करत असतो, पुन्हा बाप्तिस्मा घेत नसतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत याजकापुढे कबुली देण्याची सक्ती नाही. पण विश्वासणाऱ्याचे सगळे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे, हे प्रॉटेस्टंट सुधारणेचा आरंभ करणाऱ्या ल्यूथरच्या १५१७ सालच्या ९५ प्रबंधांतील पहिलेच विधान आहे. त्यामुळे ‘आम्ही तारण पावलो, आता कबुली कसली?’ असे म्हणणाऱ्याला ल्यूथरचा आधार घेता येत नाही.

पाय धुणे प्रत्यक्षात कसे होते? योहानाच्या पहिल्या पत्राचे मराठी भाषांतर येथे मूळाइतकेच नेमके वाटते: आपण आपली पापे ‘पदरी घेतली’, तर तो क्षमा करील आणि शुद्ध करील. पदरी घेणे म्हणजे माल व्यापाऱ्याच्या दबावाने तसा भरला, यंदा पाऊस लवकर आला, सगळेच असे करतात, ही कारणे बाजूला सारून ते आपलेच असल्याचे मान्य करणे. चिखल ओला असताना हे एका तांब्यात होते. टाचेच्या भेगांत वाळलेल्या चिखलाला वजरी घासावी लागते आणि ती थोडी दुखते. आपल्या बागायतदाराच्या बाबतीत वजरी म्हणजे गिऱ्हाइकाला फोन लावून खालच्या थरात काय होते ते सांगणे आणि तेवढे पैसे परत करणे. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने तर ज्यांचे अन्यायाने घेतले त्यांना चौपट द्यायची तयारी दाखवली होती. बागायतदाराला निदान पेटीचा मूळ हिशेब तरी चुकता करता येईल, आणि तो फोन त्याने मुलासमोरच केलेला बरा.