कुणग्यातला बुडबुडा

गेल्या वर्षी गणपतीला कोकणात गावी गेलो होतो. पाणंदीलगतच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या लहानशा खाचरात, भात पोटरीला आलं होतं आणि पाणी तुडुंब होतं. पुतण्याला गंमत दाखवावी म्हणून पाण्याने भरलेली बाटली त्या पाण्यात उलटी धरली आणि खालचा चिखल काठीने डिवचला. बुडबुडे बाटलीत चढायला लागले. अर्ध्या तासात दोन बोटं वायू जमला. काकी मेरेवर, म्हणजे बांधावर, उभी राहून हा उद्योग बघत होती. म्हणाली, “ह्येच्यार चाय होतली काय रे?”

दोन बोटांत चहा होत नाही, पण प्रश्न बिनचूक होता. बाटलीत जमलं ते बरंचसं मिथेन, म्हणजे गोबर गॅसच्या शेगडीत जळतं तेच. १७७६ साली इटलीत अलेस्सांद्रो व्होल्टाने मॅजोरे सरोवराच्या काठी अगदी हेच केलं होतं. चिखल काठीने ढवळला, वायू गोळा केला आणि पेटवून बघितला.

खाचरात पाणी साचलं की हवेतला ऑक्सिजन मातीत पोचायचा थांबतो. तळाशी कुजणारं धसकट, मुळं, पालापाचोळा यांवर मग ऑक्सिजनशिवाय जगणारे सूक्ष्मजीव ताव मारतात, आणि या पंगतीत शेवटी बसणारे जीव मिथेन सोडतात. गंमत अशी की, बुडबुड्यांतून बाहेर पडतो तो थोडाच. नव्वद टक्क्यांच्या आसपास मिथेन भाताच्या रोपातूनच निघून जातो. पाण्यात उभं राहणाऱ्या भाताच्या अंगात पोकळ नळ्या असतात. वरची हवा मुळांना पोचवण्यासाठी त्या असतात, पण त्याच वाटेने खालचा वायू वर येतो. म्हणजे डोळ्यांना गार वाटणाऱ्या त्या हिरव्या कुणग्यातलं प्रत्येक रोप एक बारीकसं धुराडं असतं.

किती सोडतं? आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या मंडळाच्या हिशेबात दक्षिण आशियातल्या सतत पाणी साचलेल्या खाचरासाठी हेक्टरी दिवसाला ०.८५ किलो मिथेन धरतात. भात चार महिन्यांचं म्हटलं, तर गुंठ्याला हंगामात साधारण एक किलो. आपली शेती पावसावरची, पाणी मधूनमधून आटतं, त्यामुळे आपल्याकडे जवळजवळ निम्माच धरावा. पण एक किलो मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतं, आणि वीस वर्षांचाच हिशेब केला तर ८० किलोंच्या आसपास. कारण ते हवेत जेमतेम डझनभर वर्षं टिकतं, पण टिकतं तेवढ्यात उच्छाद मांडतं. म्हणूनच ते आज कमी केलं तर गुण आपल्या हयातीतच दिसतो. कार्बन डायऑक्साइडबद्दल असं म्हणता येत नाही.

देशाच्या पातळीवर बघितलं तर २०२० साली भारताच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे १४ टक्के शेतीतून आले. त्यात निम्म्याहून जास्त वाटा गुरांच्या रवंथाचा. भातखाचरं आणि खत घातलेली जमीन त्यानंतर येतात. मिथेन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी घटवायचं, असं वचन २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत अनेक देशांनी दिलं, त्यात भारत सामील झाला नाही. पाच गुंठ्यांवर पोट असलेल्याला चिखलाच्या वाफेचा जाब विचारायचा का, हा त्यातला प्रश्न मला रास्तच वाटतो. पण जाब विचारणं वेगळं आणि उपाय सांगणं वेगळं.

उपायांत पहिलं नाव येतं आलटून पालटून पाणी देण्याचं. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ही पद्धत पसरवली. भोकं पाडलेला ३० सेंटिमीटरचा पाईप खाचरात अर्धा पुरायचा. आतलं पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरेपर्यंत पाणी द्यायचं नाही, उतरलं की पुन्हा भरायचं. भात फुलोऱ्यात असताना मात्र पाणी तोडायचं नाही. मातीत मधून मधून हवा शिरली की मिथेन करणारे जीव लुळे पडतात. असं अनेकदा सुकवलं तर मिथेन ४५ टक्क्यांनी घटतं, असं हिशेबात धरतात.

ऐकायला झकास. पण आषाढात आमच्या कुणग्यातलं पाणी सोडायचं कुठे? आमचे कुणगे पायऱ्यांचे. वरच्याचं पाणी मेर फोडून खालच्याच्या कुणग्यातून जातं, त्याच्या खाली तिसऱ्याचं. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो तिथे ‘आता पाणी तोडा’ हे सांगणार कोण आणि ऐकणार कोण! ही पद्धत आमच्याकडे चालेल ती वायंगणीला, म्हणजे हिवाळ्या-उन्हाळ्यात पाटाच्या किंवा पंपाच्या पाण्यावर घेतलेल्या भाताला. तिथे पाणी वाचतं, पंपाचा खर्चही वाचतो. सुकवण्या-भिजवण्यात नायट्रस ऑक्साइड हा दुसरा हरितगृह वायू थोडा वाढतो हे खरं, पण एकूण हिशेब बहुधा फायद्यातच राहतो.

खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, भाताची कथा निराळी आहे. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. त्यावर जगणारे जिवाणू मिथेनवाल्यांच्या ताटातला घास आधीच उचलतात, म्हणून खाऱ्या चिखलात मिथेन कमी बनतं. त्याऐवजी सडक्या अंड्यांचा वास येतो. खाडीकाठच्या लोकांना तो ठाऊक आहे.

गोड्या जमिनीत, भर पावसात पाणी आपल्या हातात नाही. मग हातात काय आहे? चिखलात काय आणि कधी गाडायचं, ते. ताजा पेंढा लावणीआधीच्या महिन्याभरात गाडला, तर मिथेनच्या सूक्ष्मजीवांना तो आयता फराळ. तोच महिन्याहून जास्त आधी, कोरड्या जमिनीत गाडला, तर त्याचा प्रभाव पाचव्या हिश्श्यावर येतो. कुजवून कंपोस्ट करून घातला, तर त्याहूनही थोडा खाली. हिरवा पाला मधोमध बसतो, ताज्या पेंढ्याच्या सुमारे निम्मा.

इथे चारसूत्री भातशेतीची आठवण येते. कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांच्या नावाशी जोडलेल्या या पद्धतीतलं एक सूत्र गिरिपुष्प या झाडाचा पाला घालायचं आहे, म्हणजे मिथेनला थोडं खाद्य देणारंच. पण चौथं सूत्र त्याची भरपाई करतं असं मला वाटतं. ते आहे युरिया-डीएपी खतांच्या गोळ्यांचं. लावणी नेमक्या अंतरावर करायची आणि चार चुडांच्या, म्हणजे लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या, मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. फेकलेल्या युरियातलं जेमतेम तिसरा हिस्सा नत्र भाताला मिळतं, बाकी पाण्याबरोबर आणि हवेत. खोल गेलेली गोळी चिखलात हळूहळू विरघळते. हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस असते तिथे गोळ्यांतून साठाच्या आतच लागतं.

युरियाची ४५ किलोची गोण शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना पडते. स्वस्त आहे म्हणून हात सैल सुटतो. पण ती गोण खाचरात पडली की युरिया फुटतानाच ३३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. शिवाय साधारण १३० ग्रॅम नायट्रस ऑक्साइड, आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट, म्हणजे आणखी ३५ किलो धरा. कारखान्यात युरिया करताना जाळलेला नैसर्गिक वायू वेगळाच. असा एक मोठा कारखाना अलिबागजवळ थळला, आपल्याच किनाऱ्यावर आहे.

मग गोळ्या घरोघर का नाहीत? गुंठ्याला सव्वासहाशे गोळ्या लागतात. भर पावसात, वाकून, एकेक. हे ज्यांनी केलंय त्यांची कंबर उत्तर देईल. आमच्या वाडीत लावणीलाच माणसं मिळत नाहीत, निम्मे कुणगे पड आहेत. पड कुणग्यातून मिथेन फारसं येत नाही हे खरं, पण त्या घरातलं भाताचं मडकं मग दुसऱ्या कुणाच्या तरी खाचरातल्या भातानेच भरतं.

भाजावळीचं थोडक्यात सांगतो. कवळ (छाटलेल्या फांद्या), पातेरा (वाळका पाला), शेण रचून तरव्याची, म्हणजे रोपं करायची, जागा भाजली की तणाचं बी मरतं आणि राख मिळते, म्हणून लोक ती सोडत नाहीत. पण त्यासाठी ऐन-किंजळीच्या फांद्या दर वर्षी छाटल्या जातात आणि जमिनीत जाऊ शकणारा पाला धूर होतो. मला हा सौदा तोट्याचा वाटतो. काकीला वाटत नाही.

गुरांचा ढेकर थांबवणं आपल्या आवाक्यातलं नाही. नुसत्या पेंढ्याऐवजी हिरवा चारा मिळाला तर दुधाच्या लिटरमागे मिथेन घटतं, एवढंच. शेणाचं मात्र हाती आहे. ओल्या खड्ड्यात ते साचून राहिलं की मिथेन हवेत जातं, गोबर गॅसमध्ये गेलं की जळून चूल पेटते. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. काकीकडे आता दोनच उरलीत.

वायंगणीच्या दोन कुणग्यांत मात्र तिने पाईप पुरू दिले. माघात फोन केला तेव्हा विचारलं, पाणी किती खाली गेलंय? म्हणाली, “पाणी बघूक गेलंय तर आत बेडूक बसलोहा. तो वर येय्त तेव्हा सांगतंय.”