आयसीसीयूतून नर्सिंग कॉलेजात: ट्यूटर पदासाठी पात्रता आणि कागदपत्रे

आयसीसीयूत (हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात) दहा वर्षं काढलेल्या सिस्टरलाही कॉलेजात सुरुवात बहुधा ट्यूटर म्हणूनच करावी लागते, कारण वॉर्डातला अनुभव अध्यापनाचा अनुभव म्हणून मोजला जात नाही.

भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषांनुसार ट्यूटर किंवा क्लिनिकल इन्स्ट्रक्टर पदासाठी एम.एस्सी. नर्सिंगला प्राधान्य असतं. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. असेल, तर किमान 1 वर्षाचा अनुभव हवा. असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर एम.एस्सी. आणि 3 वर्षांचं अध्यापन लागतं. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी डिप्लोमा) झालेल्यांनी आधी 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावं. कार्डिओथोरॅसिक नर्सिंगचा 1 वर्षाचा डिप्लोमा कामाचा खराच, पण तो एम.एस्सी.ची जागा घेत नाही.

एम.एस्सी. 2 वर्षांचं, पूर्णवेळ. प्रवेशासाठी बी.एस्सी.ला किमान 55 टक्के, आरएनआरएम (नोंदणीकृत नर्स आणि मिडवाइफ) म्हणून नोंदणी आणि 1 वर्षाचा अनुभव लागतो. मेडिकल सर्जिकल नर्सिंग घेऊन त्यात कार्डिओव्हॅस्क्युलर अँड थोरॅसिक ही शाखा निवडली, तर आयसीसीयूतलं शिकलेलं थेट उपयोगी पडतं.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा अनुभव प्रमाणपत्रावर. ‘आमच्याकडे स्टाफ नर्स म्हणून काम केले’ एवढ्यावर भागत नाही. पद, विभाग, पूर्णवेळ नेमणूक, रुजू आणि कार्यमुक्त झाल्याच्या तारखा, जावक क्रमांक, सही आणि शिक्का हे सगळं लेटरहेडवर हवं. आयसीसीयू, कॅथलॅब (अँजिओग्राफी होते तो विभाग), सीव्हीटीएस (हृदय व छातीच्या शस्त्रक्रियांचा विभाग) यांचा काळ वेगवेगळा लिहून घ्या. नोंदणीच्या तारखेआधीचं काम धरलं जाईल असं गृहीत धरू नका. नेमणुकीचं पत्र आणि पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट जोडीला ठेवा.

दुसरी अडचण नावाची. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, असं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र आधीच काढून ठेवा. महाराष्ट्र नर्सिंग परिषदेच्या नोंदणीचं दर 5 वर्षांनी नूतनीकरण होतं, मुदत तपासा. एम.एस्सी. झाल्यावर ती वाढीव पात्रता म्हणून परिषदेत नोंदवायची असते, आणि हे काम हमखास मागे पडतं. एनयूआयडी (नर्सचा राष्ट्रीय ओळख क्रमांक), सर्व गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र लागतंच. सरकारी नोकरीत असाल तर कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्रही घ्या. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून जाहिरातीची वाट पाहू नका.

मुलाखतीत छोटा पाठ घ्यायला सांगतात. ईसीजीच्या चेस्ट लीड्स (छातीवर लावायचे इलेक्ट्रोड) हा आपल्या हातातला विषय: व्ही1 उरोस्थीच्या उजव्या कडेला चौथ्या फासळ्यांमधल्या जागेत, व्ही2 त्याच पातळीवर डावीकडे, व्ही4 पाचव्या जागेत मिडक्लॅव्हिक्युलर रेषेवर (गळ्याच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली येणाऱ्या), आणि व्ही3 व्ही2 व व्ही4 यांच्या मधोमध. पण माहिती कितीही पक्की असली तरी लेसन प्लॅन लिहून न्याच: उद्दिष्टं, वेळ, आशय, शिक्षक व विद्यार्थ्यांची कृती, शैक्षणिक साधनं, मूल्यमापन. वॉर्डातून आलेले उमेदवार मूल्यमापनाचा रकाना कोरा ठेवतात, आणि पॅनेल नेमकं तेच विचारतं.

निवड झाल्यावर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे शिक्षक म्हणून तुमच्या मान्यतेचा प्रस्ताव कॉलेज पाठवतं. त्याची प्रत मागून घ्या. पुढे असिस्टंट प्रोफेसरसाठी अर्ज करताना अध्यापनाचा काळ दाखवायला ती लागेल.