मोटरसायकलचा स्पार्क प्लग घरी बदलणे

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडर हेडमधला झिजलेला प्लग काढून त्याच मापाचा नवा बसवण्याची क्रिया. प्लग पाना, फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि थंड इंजिन एवढ्यावर हे काम होते, त्यामुळे ते प्रत्येक चालकाने शिकून घ्यावे. प्लगच्या मधल्या व बाजूच्या इलेक्ट्रोडमधील गॅपमध्ये हजारो व्होल्टची ठिणगी पडते आणि दाबलेले पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटते. १९०२ मध्ये बॉश कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च व्होल्टचा मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारे यंत्र) आणि त्याला साजेसा प्लग तयार केला, तेव्हापासून ही व्यवस्था भरवशाची झाली. वापराने इलेक्ट्रोडची धार झिजते व गॅप रुंदावतो. मग किक जास्त माराव्या लागतात, चढावर गाडी मिसिंग करते, पेट्रोल जास्त जाते. साधा प्लग बहुतेक गाड्यांत १०,००० ते १२,००० किलोमीटरच्या आसपास बदलतात. इरिडियम धातूच्या टोकाचा त्याहून बराच टिकतो.

गोव्यात मात्र नुसत्या किलोमीटरवर भागत नाही. पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, किनाऱ्याच्या हवेत मीठ असते, आणि डिचोली, सत्तरी, सांगे भागांत तांबडी धूळ इंजिनावर बसते. प्लगच्या खळग्यात पाणी साचून त्याच्या लोखंडी अंगाला गंज चढतो. प्लग कॅपचे रबर तडकलेले असेल, तर ओलाव्यातून वीज हेडकडे निसटते आणि चांगला प्लगही निकामी वाटतो. शिवाय इथल्या पुष्कळ फेऱ्या लहान असतात: घर ते बाजार, बाजार ते फेरीबोटीचा धक्का. प्लगचे टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापले तरच त्यावरचा कार्बन जळून जातो. एवढ्याशा अंतरात इंजिन पुरते तापत नाही. दिवसभर थांबत-सुटत प्रवासी वाहणाऱ्या पायलटांनीही (मोटरसायकल टॅक्सीवाल्यांनी) प्लग वरचेवर काढून पाहावा. इतरांना पावसाळा सरल्यावर, दसऱ्याला गाडी धुऊन तिला झेंडूची माळ घालण्याआधीची वेळ उत्तम.

नवा प्लग घेताना जुन्यावरचा क्रमांक जुळवावा, दिसण्यावर जाऊ नये. एनजीके या प्लग कंपनीच्या सीआर७एचएसए या क्रमांकात ‘सी’ म्हणजे १० मिलिमीटरचे आटे, ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर, ‘७’ हा उष्णतेचा दर्जा आणि ‘एच’ म्हणजे १२.७ मिलिमीटर लांबीचा आटा. एनजीकेत आकडा वाढला की प्लग जास्त थंड, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर सोडणारा असतो. बॉशमध्ये नेमके उलटे आहे. लांब आट्याचा चुकीचा प्लग पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला धडकू शकतो.

काढताना सर्वांत मोलाचा टप्पा पाना लावण्यापूर्वीचा आहे आणि घाईत नेमका तोच टाळला जातो. कॅप वायरला धरून ओढू नये. ती स्वतः पकडून हलकेच फिरवत काढावी. मग खळग्यातली माती व पाणी सायकलच्या पंपाने किंवा ब्रशने साफ करावे. तिथला एखादा खडा सिलिंडरमध्ये पडला तर नव्या प्लगच्या कित्येक पट खर्च होतो. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने इंजिन पूर्ण थंड हवे. गरम असताना जोर लावला तर आटे निघून येतात. १० मिलिमीटर आट्याच्या प्लगला बहुधा १६ मिलिमीटरचा पाना लागतो.

नव्या प्लगचा गॅप मॅन्युअलप्रमाणे तपासावा. बऱ्याच गाड्यांत तो ०.६ ते ०.९ मिलिमीटर असतो. प्लग आधी बोटांनीच बसवावा. दोन-तीन फेरे सहज फिरला नाही तर आटे तिरके बसत आहेत असे समजून बाहेर काढावा आणि पुन्हा सरळ लावावा. वॉशर टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो, कारण तेवढ्यात नवा वॉशर दाबला जातो. वापरलेला प्लग परत लावताना त्याचा वॉशर आधीच दबलेला असतो, म्हणून फेरा त्याहून पुष्कळ कमी. १० मिलिमीटरच्या प्लगला १० ते १२ न्यूटन-मीटर एवढाच आवळण्याचा जोर (टॉर्क) लागतो. आट्यांना ग्रीस लावू नये. त्याने नकळत जास्त आवळले जाते.

जुना प्लग लगेच फेकू नये. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर एअर फिल्टर तुंबलेला असतो, मिश्रणात पेट्रोल जास्त असते किंवा फेऱ्या फारच लहान असतात. तेलकट काळे टोक पिस्टन रिंग वा व्हॉल्व्ह सीलकडे बोट दाखवते आणि तिथे नव्या प्लगने काही साधत नाही. पांढरे, फोड आलेले टोक दिसले तर गाडी चालवणे थांबवून मेकॅनिकला दाखवावी: इंजिन जास्त तापते आहे.

बजाज पल्सरच्या डीटीएस-आय इंजिनात एका सिलिंडरला दोन प्लग असतात. ते दोन्ही एकदमच बदलावेत. प्लग गंजून अडकलेला असेल तर आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवावे आणि सकाळी पाना थोडा पुढे, थोडा मागे करत सोडवावा. तरीही सुटत नसेल तर पान्यावर पाइप चढवून जोर न करता गाडी गॅरेजला न्यावी. आटे गेलेच, तर हेडमध्ये नवे आटे बसवून घेता येतात. ते काम घरचे नाही.