घरची वीज आणि गाण्याचा आवाज : पार्श्वभूमी

चांगले गाणे ऐकायचे तर आधी घरातली वीज ‘शुद्ध’ करून घ्यावी, हा आग्रह आज महागड्या पॉवर कंडिशनरशी, म्हणजे विजेतला गोंगाट गाळणाऱ्या यंत्राशी, जोडला गेला असला, तरी तो जुन्या आणि अगदी खऱ्या तक्रारींतून आलेला आहे.

आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. त्या काळी मध्यम लहरींवर चालणाऱ्या रेडिओत शेजारच्या ट्यूबलाइटचा स्टार्टरही तडतड करून जाई. पुढे पंख्याचा तारेचा रेग्युलेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक आला. त्यातला ट्रायॅक हा इलेक्ट्रॉनिक स्विच ५० हर्ट्झच्या विजेची लाट सेकंदाला १०० वेळा रोखतो आणि एकदम सोडतो. त्यामुळे पंखा मधल्या वेगावर असला की रेडिओत घरघर चढे आणि पूर्ण वेगावर नेला की ती बरीचशी ओसरे. हा त्रास मुख्यतः मध्यम लहरींच्या ग्रहणाचा होता, हे मात्र पुढे विसरले गेले.

नंतर भारनियमनाची वर्षे आली, घरोघरी इन्व्हर्टर आले, आणि पुण्यातल्या विजेच्या वस्तूंच्या बाजारात, तपकीर गल्लीत, स्टॅबिलायझरची चौकशी करणे यात कोणालाच नवल वाटेनासे झाले. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाट देत. घरच्या २३० व्होल्ट विजेच्या लाटेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते, तर तेवढ्याच परिणामकारक (आरएमएस) व्होल्टेजच्या चौकोनी लाटेचे शिखर २३०वरच थांबते. साहजिकच अॅम्प्लिफायरला आतून मिळणारे डीसी (एकाच दिशेच्या विजेचे) व्होल्टेज उतरे, कारण ते लाटेच्या शिखरावर ठरते, आणि ट्रान्सफॉर्मर गुरगुरे. तेव्हा चांगल्या पुरवठ्याची मागणी पूर्णपणे रास्त होती.

एरवी मात्र अॅम्प्लिफायर भिंतीतली वीज जशीच्या तशी वापरतच नाही. ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि मोठे कपॅसिटर तिचे डीसी करतात, आणि उरलेला १०० हर्ट्झचा तरंग नीट रचलेले सर्किट दाबून टाकते. व्होल्टेज ठीक असताना बाहेरून आणखी गाळणी लावल्याने स्पीकरमधून येणाऱ्या आवाजात फरक पडतो, असा दावा असेल तर तो अॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर मोजून किंवा कोणते उपकरण चालू आहे हे न कळू देता तुलना करून दाखवला गेला पाहिजे. अशा ऐकण्याच्या चाचणीसाठी ऑडिओ अभियंता डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्येच एबीएक्स पद्धत सविस्तर मांडली होती; तीत ‘एक्स’ हा ‘ए’ आहे की ‘बी’, हे केवळ ऐकून ओळखायचे असते.

स्पीकरमधून येणाऱ्या गुणगुणीचे खरे मूळ बहुतेकदा अर्थिंगच्या जोडणीत सापडते. ऑडिओ अभियंता नील मन्सी यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की, केबलचे धातूच्या जाळीचे आवरण उपकरणाच्या पेटीच्या धातूला न जोडता आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडले की, त्या आवरणातून वाहणारा प्रवाह थेट आवाजात उतरतो. केबल टीव्हीची तार होम थिएटरला जोडली की हीच गत होते. ती तार काढताच गुणगुण थांबली, तर कंडिशनर घेण्याऐवजी त्या तारेसाठी आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन आवरणातला प्रवाह तोडणारा जोड) बसवावा; प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये, कारण शॉकपासून माणसाला वाचवणारी वाट तीच आहे.