डिस्क आहे, पण दिसत नाही

फोंड्यातल्या एका डीटीपीच्या दुकानातला जुना संगणक दर पावसाळ्यात हटकून रुसायचा. सकाळी पहिल्यांदा चालू केला की काळ्या पडद्यावर एकच ओळ यायची: बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही. मालक शांतपणे कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबत आणि दुसऱ्या खेपेला जत्रेच्या पत्रिका, नाटकांची हँडबिलं, सगळं जागच्या जागी. "हवा सर्द आहे ना, म्हणून," असं ते मला समजावत. हवेचा हात थोडा असेलही. थंड मोटर वेग घ्यायला जरा वेळ लावतेच. खरा दोष मात्र बायोसच्या, म्हणजे संगणक चालू होताच डिस्क शोधणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामच्या, उतावीळपणाचा होता. वीज मिळाल्यावर डिस्कने तयार होण्यासाठी एटीए या डिस्क-जोडणीच्या मानकात ३१ सेकंदांपर्यंत मुभा आहे. बायोस चार-पाच सेकंदांतच हजेरी आटोपून मोकळा व्हायचा. दुसऱ्या खेपेला डिस्क आधीच फिरत असायची, म्हणून ती सापडायची.

हजेरीची ही पद्धत बरीच जुनी. १९८४च्या आयबीएम पीसी-एटीत डिस्कची ओळख बॅटरीवर जपलेल्या सीमॉस नावाच्या छोट्या मेमरीत लिहून ठेवत: एका तक्त्यातला ठरावीक क्रमांक, म्हणजे अमुक सिलिंडर (तबकड्यांवर एकाखाली एक येणाऱ्या वर्तुळाकार ट्रॅकांचा संच), तमुक हेड (ते वाचणारी टोकं). तक्त्यात नसलेली डिस्क त्या बायोसच्या लेखी जगात नव्हतीच. पुढे डिस्क स्वतःच आपली ओळख सांगू लागल्या, तरी मोजमापाची जुनी चौकट राहिलीच. बायोसला १०२४ सिलिंडरांपलीकडे मोजता येत नव्हतं आणि एटीएला १६ हेडच ठाऊक होती. प्रत्येक ट्रॅकवर ६३ सेक्टर, म्हणजे तुकडे, आणि सेक्टरमागे ५१२ बाइट धरले, तर हिशेब ५२८ मेगाबाइटवर थांबतो. दोन्ही बाजू आपापल्या जागी मोठ्या होत्या, पण जिथे त्या जुळायच्या ती फट अरुंद होती.

नव्वदीच्या दशकात ही भिंत आडवी आली तेव्हा बायोस बदलणं बहुतेकांच्या हातात नव्हतं; चिप बोर्डावरच असायची. मग आडवाटा निघाल्या. ऑनट्रॅकच्या डिस्क मॅनेजरसारखे प्रोग्राम डिस्कच्या पहिल्याच सेक्टरात ठाण मांडत आणि बायोसच्या वतीने खोटे आकडे सांगत. डिस्क चालायची, पण ती दुसऱ्या संगणकाला जोडली की सगळा डेटा गायब झाल्यासारखा वाटायचा. लिनक्सवाल्यांनी वेगळा मार्ग धरला. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एकदा सुरू झाला की स्वतः डिस्कशी बोलतो, बायोसला विचारतच नाही; बायोस लागतो तो फक्त कर्नल डिस्कवरून उचलण्यापुरता. म्हणून कर्नलपुरतं छोटं बूट पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा कप्पा, पहिल्या १०२४ सिलिंडरांच्या आत ठेवायचं, बाकी डिस्क केवढीही असो. मला ही युक्ती सगळ्यांत प्रामाणिक वाटते. दोष तिथेच राहतो, फक्त त्याच्याकडून कमीत कमी काम करून घ्यायचं.

भिंती मात्र येतच राहिल्या: ८.४ गीगाबाइट, मग ३३.८, मग १३७. ३३.८ची भिंत सर्वांत त्रासदायक. त्याहून मोठी डिस्क जोडली की काही बायोस ओळख पटवतानाच गोठायचे आणि सेटअपमध्येही शिरू देत नसत. म्हणून डिस्क कंपन्यांनीच एक जंपर, म्हणजे पिनांवर बसवायची छोटी टोपी, दिला, जो लावला की डिस्क आपण लहान असल्याचं सांगायची. पुढे कर्नल तिला खरा आकार विचारून घ्यायचा. १३७ची भिंत सेक्टरांच्या २८ बिटांच्या पत्त्यांची. ती पाडायला ४८ बिटांचं एटीए-६ यावं लागलं.

२००५मध्ये बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआय या मानकासाठी यूईएफआय फोरम स्थापन झाला आणि बायोसचा अंमल हळूहळू ओसरला. दोषांनी फक्त कपडे बदलले. काही बोर्ड बूटची नोंद लिहून घेतात आणि पुढच्या वेळी विसरतात. त्यावरचा तोडगा म्हणजे बूटलोडरची (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) एक प्रत ईएफआय फोल्डरातल्या बूट फोल्डरात 'बूटएक्स६४' या नावाने ठेवणं. ही जागा मुळात पेनड्राइव्हसारख्या काढघालीच्या साधनांसाठी ठरवलेली; विसरभोळे बोर्डही ती सहसा तपासतात.

कधी चूक डिस्कच्याच फर्मवेअरमध्ये, म्हणजे तिच्या आतल्या प्रोग्राममध्ये, असते. जानेवारी २००९मध्ये सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ मालिकेतल्या काही डिस्क चालू होताना स्वतःच्याच नोंदवहीत अडकून पडत आणि बायोसला दिसेनाशा होत. आत डेटा शाबूत असायचा. हौशी लोकांनी डिस्कच्या सर्किट बोर्डाखाली कागदाचा तुकडा सरकवून संपर्क तोडला, सीरियल केबलने आज्ञा दिल्या आणि डिस्क जाग्या केल्या.

फोंड्यातल्या त्या संगणकाला एवढं काही लागलं नाही. सेटअपमध्ये डिस्कसाठी थांबण्याचा पर्याय नव्हता, म्हणून झटपट तपासणीच बंद केली. मग बायोस सगळी मेमरी सावकाश मोजत बसू लागला, आणि तेवढ्या अवधीत डिस्कला वेग यायचा. "आता हा उशिरा चालू होतो," एवढीच मालकांची तक्रार राहिली.