संबंध-सर्वेक्षण

माणसांची वैशिष्ट्ये नव्हे, तर त्यांच्यातील नाती, देवघेव व संपर्क यांची नोंद घेणारी सर्वेक्षणपद्धती. ‘उत्पन्न किती?’ याऐवजी ‘अडीनडीला उसने कोणाकडे मागता?’ असे तीत विचारतात. माणसे म्हणजे बिंदू व नाती म्हणजे रेषा मानून पुढे सामाजिक जालविश्लेषण करतात. हे विश्लेषण शिकण्यासाठी छोटे सर्वेक्षण स्वतः करून पाहणे उपयुक्त ठरते.

पद्धतीचे जनकत्व सहसा मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो (१८८९–१९७४) यांना दिले जाते. न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील मुलींच्या सुधारशाळेत त्यांनी व त्यांच्या सहकारी हेलन जेनिंग्ज यांनी परस्परपसंतीचे आलेख काढले. ते १९३४ मध्ये ग्रंथरूपाने आले. शाळकरी मुलांना सवंगडी विचारणारे अभ्यास मात्र १९२०च्या दशकातही आढळतात. मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० मध्ये समाजरचनेला प्रत्यक्ष संबंधांचे जाळे म्हटले, पण ते बव्हंशी रूपकच. मानवशास्त्रज्ञ जे. ए. बार्न्स यांनी नॉर्वेतील ब्रेमनेसच्या अभ्यासात (१९५४) त्याला विश्लेषणाची संज्ञा बनविले. तंत्र मोरेनोंचे व संकल्पना बार्न्स यांची, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

भारतातील अशा अभ्यासाचे श्रेय बडोद्याला द्यावे असे वाटू शकते, कारण तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठातील समाजशास्त्र विभाग समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५१ मध्ये उभारला. भारतीय समाजरचनेतील जाळ्यांवरील त्यांचा व आंद्रे बेतेय यांचा लेख मात्र १९६४चा, म्हणजे ते दिल्लीला गेल्यानंतरचा. तो बडोद्याच्या खाती मांडता येत नाही.

सर्वेक्षण छोटे असले तरी त्यात अडचणी येतात. ३० जणांच्या गटातही ४३५ जोड्या होतात. कोणी कोणाचे नाव घेतले हे धरल्यास ८७०. ‘तीनच नावे सांगा’ म्हटले की चौथा स्नेही गळतो. बडोद्यासारख्या दुभाषी शहरात नावांचाच घोळ अधिक. समजा, दांडिया बाजारातील एखाद्या भिशीत एकीने ‘शैलाकाकू’ सांगितले, गुजराती शेजारणीने ‘शैलाबेन’ व तिसरीने ‘जोशीवहिनी’. तर एका बाईचे तीन बिंदू होतात आणि जिच्यावर भिशी चालते तीच आकृतीत कडेला पडते. म्हणून टोपणनावांची वही आधी करावी. शब्दही तोलून घ्यावेत: ‘ओळख’ विचारल्यास यादी लांबते, ‘घरोबा’ विचारल्यास आखडते.

ओळख झाकण्यासाठी आकृतीत नावांऐवजी क्रमांक घालण्याचा प्रघात आहे. पण बारा जणींच्या भिशीत सर्व रेषा जिच्याकडे जातात, तिला क्रमांकावरूनही गल्ली ओळखते.