परिधीय धमनीविकारातील हृदयधमनीविकार

पायांच्या धमन्या मेदाच्या थरांमुळे अरुंद होणे म्हणजे परिधीय धमनीविकार. यामागचे धमनीकाठिण्य, म्हणजे धमन्या कडक व अरुंद होण्याची प्रक्रिया, सहसा एकाच अवयवापुरते राहत नाही, त्यामुळे अशा रुग्णांच्या हृदयधमन्याही अनेकदा रोगग्रस्त असतात. रुग्ण पायाची तक्रार घेऊन येतो. जिवाला धोका मात्र बहुधा हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा असतो. धूम्रपान आणि मधुमेह ही दोन्हीकडची प्रमुख कारणे.

अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिक या रुग्णालयात रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या १,००० रुग्णांची हृदयाची अँजिओग्राफी करण्यात आली. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत जेमतेम ८ टक्के रुग्णांच्या हृदयधमन्या निर्दोष आढळल्या.

तरीही हृदयधमन्यांचा विकार लपून राहतो, आणि त्याला आड येतो तो पायच. ठरावीक अंतर चालले की पोटरी भरून येते, रुग्ण थांबतो, दोन-चार मिनिटांत कळ ओसरते आणि तो पुन्हा चालू लागतो. छातीत दुखायला लागावे इतका ताण हृदयावर पडतच नाही. ‘छातीत दुखते का?’ या प्रश्नाला आलेल्या ‘नाही’वर म्हणूनच फारसे विसंबता येत नाही, मधुमेहींच्या बाबतीत तर मुळीच नाही. पायाची बायपास होऊन चालणे वाढल्यावर छातीतली कळ पहिल्यांदा जाणवते, असेही घडते. ट्रेडमिल चाचणीतही पाय आधी थकतात. अशा वेळी औषधाने हृदयावर ताण आणून तपासणी करतात.

घोट्याजवळच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून येणारा आकडा ०.९० किंवा त्याहून कमी असेल, तर पायाचा विकार धरला जातो आणि हृदयाचा धोकाही वाढलेला समजतात. १.४० च्या वरचा आकडा दिलासा देणारा नव्हे: कॅल्शियम साचून धमन्या रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्याने दाबल्या जाईनाशा झाल्याची ती खूण असते.

मग पायाच्या शस्त्रक्रियेआधी हृदयाच्या धमन्या मोकळ्या करून घ्याव्यात का? तर्काला पटते, पण २००४ च्या ‘कार्प’ या रुग्णांवरील तुलनात्मक चाचणीत स्थिर हृदयविकार असलेल्यांचे आयुष्य त्याने वाढले नाही. भर राहतो तो धूम्रपान सोडणे, कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन, रक्तदाब व साखरेवर नियंत्रण आणि रक्ताच्या गुठळ्या रोखणारे ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल यांवर. रक्तस्रावाचा धोका कमी असलेल्या निवडक रुग्णांना ॲस्पिरिनबरोबर अल्प मात्रेत रिव्हरॉक्साबॅन हे रक्त पातळ करणारे औषध देतात.

शल्यविशारदापुढे आणखी एक पेच असतो. मांडीच्या आतल्या बाजूची लांब शीर हृदयाच्या बायपासला लागते आणि पायाच्याही; एकीकडे वापरली की दुसरीकडे तेवढी कमी पडते.